संचमान्यतेत नसलेलं पद

मानसशास्त्र घेतलं तर पुढे काय, असं विचारणारी पत्रं निकालाच्या दिवसांत या स्तंभाकडे येतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं क्लिनिक असतं. मी त्यांना शाळेत जायला सांगते.

क्लिनिकपर्यंत मूल पोचतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. चौथीतला मुलगा तोंडी हिशेब चटकन करतो, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगतो. वाचायला उभं केलं की ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, जोडाक्षर दिसलं की घसा कोरडा पडतो. वर्गात तो आळशी ठरलेला असतो. शाळेत मानसशास्त्र जाणणारं माणूस असेल तर ते त्याच्या वह्या मागवतं, आधी डोळे-कान तपासून घ्यायला लावतं, घरी कोणती भाषा बोलतात हे आईला विचारतं. मग बुद्धिमापन. बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, त्यावरचा त्यांचा लेख १९३४ चा. ती चाचणी आजही वापरात आहे. आजच्या मराठी मुलांसाठी नव्या चाचण्या बांधायचं काम कुणीतरी अंगावर घ्यायलाच हवं, आणि ते या वाटेला येणाऱ्यांनीच घ्यावं.

चौथीत हे झालं नाही, तर नववीत सवलतीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली, हे मोठंच काम झालं. पण दाखल्याने बोर्डाच्या पेपरला वेळ वाढवून मिळतो, वाचन येत नाही.

नोकरीबद्दल एवढंच सांगते. एम.ए.नंतर समुपदेशक म्हणून काम करता येतं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुलाखतीत पगाराआधी विचारा: स्वतंत्र खोली आहे का, आणि रजेवरच्या शिक्षकांचे ऑफ तास माझ्या माथी मारणार का? मस्ती केली म्हणून ज्याच्याकडे पाठवतात, त्याच्यापाशी कुठलंही मूल मन मोकळं करत नाही. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती कळवावीच लागते. हे मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचं असतं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. फी घेणाऱ्या इंग्रजी शाळा नेमतील. अनुदानित मराठी शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या तक्त्यात, या पदाचा रकानाच नाही. मग मुख्याध्यापकांनी पगार कुठून काढायचा? हे मला मनापासून खटकतं, कारण जोडाक्षराला अडणारा मुलगा बहुधा याच शाळेत बसलेला असतो.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत आहे. तिथे न्यायालयाने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला सांगितलंय. तालुक्याच्या गावीही असा तज्ज्ञ सापडत नसेल तर जोडायचं कुणाशी? म्हणून केंद्रशाळेवर एक पूर्णवेळ पद द्यावं, भोवतालच्या शाळांची फिरती त्याच्याकडे असावी, आणि प्रवासभत्ता मंजुरीच्या त्याच आदेशात असावा.