घर सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे आपल्या भाषेत वीकेंड सुरू! एका मैत्रिणीच्या ऑफिसातली गँग औंधच्या एका कॅफेत जमली होती. मीही आगंतुकासारखी त्यात घुसले. विषय नेहमीचेच. अप्रेझल, ईएमआय, बॉस नावाचा प्राणी आणि लाँग वीकेंडला कोकण की गोवा. टेबलाच्या कोपऱ्यात एक मुलगा मघापासून नुसतीच कॉफी ढवळत बसला होता. कुणीतरी त्याला सहज विचारलं, "काय रे, तू सुट्टीत घरी कधी जाणार?"

तो हसला. म्हणाला, "घर आहे. पण जाता येत नाही."

तीन सेकंद टेबलावर शांतता. मग कुणीतरी घाईघाईनं सँडविच मागवलं आणि विषय बदलला. पण आम्ही पडलो पत्रकार. लोकांच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय आमचं पोट भरत नाही. गँग पांगल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

मुलगा काबूलचा. नाव छापू नको म्हणाला, म्हणून छापत नाही. २०१९ मध्ये पुण्यात शिकायला आला. हिंदी इतकं फर्डं, की मी विचारलंच, कुठे शिकलास? "दीदी, तुलसी से!" म्हणजे आपली सासू-सुनांची सीरियल हो. २००० च्या दशकात ती दरी भाषेत डब होऊन काबूलच्या घराघरात पोचली होती. आई-आत्या रोज रात्री टीव्हीसमोर, आणि हा त्यांच्या मांडीवर. पुढे हिंदी सिनेमे मूळ भाषेतच बघायला लागला. मराठी मात्र पुण्यात शिकला, घरमालकीण काकूंकडून. त्यामुळे त्याला 'भाडं', 'पाणी जपून वापर' आणि 'जेवलास का?' हे तीन शब्दप्रयोग एकदम शुद्ध येतात.

असे अफगाण विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या स्कॉलरशिपवर किंवा पदरचे पैसे भरून ते वर्षानुवर्षं इथे येतायत. डिग्री घ्यायची, परत जायचं, सरकारी नाहीतर बँकेतली नोकरी धरायची, असा साधासरळ प्लॅन. आपल्या नात्यागोत्यातला कुणी एमएस करायला अमेरिकेला जातो, तसाच. फरक एवढाच, की आपला माणूस तिकडे असताना आपल्याकडचं सरकार एका दुपारीत गायब होत नाही.

याच्या बाबतीत ते झालं. १५ ऑगस्ट २०२१. रविवार होता. आपल्याकडे झेंडावंदन, जिलेबी आणि टीव्हीवर देशभक्तीचे सिनेमे. त्याच दिवशी तालिबान काबूलमध्ये शिरले आणि राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून निघून गेले. हा दिवसभर आईला फोन लावत होता. लागेना. रात्री उशिरा एक मेसेज आला, 'आम्ही ठीक. वडील घरी नाहीत. तू येऊ नकोस.' वडील आधीच्या सरकारात नोकरीला. ते कुठे आहेत, हे त्याला दहा दिवसांनी कळलं. जिवंत होते. लपून होते.

आता यातली खरी गोम. त्याचा रूममेट कोविडमुळे कॉलेज ऑनलाइन झालं म्हणून आधीच घरी गेला होता. पासपोर्टवर भारताचा व्हिसा होता, तरी तो तिथेच अडकला. २५ ऑगस्ट २०२१ ला आपल्या गृह मंत्रालयानं जाहीर केलं, की अफगाण नागरिकांनी यापुढे फक्त ई-व्हिसावरच यायचं. भारताबाहेर असलेल्यांचे आधीचे व्हिसा त्या दिवसापासून रद्द. रूममेटची बॅग अजून याच्या कॉटखाली आहे. एक हा, जो परत जाऊ शकत नाही. एक तो, जो परत येऊ शकत नाही. दोघांचं कॉलेज एक, वर्ग एक, बेंचही एकच!

तर आता प्रश्न असा, की याला म्हणायचं काय? स्टुडंट की रेफ्युजी?

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाठोडं घेऊन सीमा ओलांडणारी माणसं येतात. हा तर रीतसर व्हिसा काढून, विमानानं, मार्कशीट घेऊन आला होता. पण आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा माणसांसाठी खास शब्द आहे, 'रेफ्युजी सूर प्लास'. म्हणजे देश सोडताना तो निर्वासित नव्हता. तो बाहेर असताना मागे देश बदलला आणि परत जाणं धोक्याचं झालं. थोडक्यात, माणूस जागच्या जागीच, हललं ते घर.

शब्द छान आहे. पण त्याचा इथे उपयोग किती? निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार आणि १९६७ चा पुढचा प्रोटोकॉल, दोन्हींवर भारताची सही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कायद्याच्या नजरेत टुरिस्ट, स्टुडंट आणि जीव मुठीत धरून बसलेला माणूस, सगळे नुसते 'परदेशी नागरिक'. आधी त्यासाठी १९४६ चा कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा आला. २०१९ चा नागरिकत्वाचा सुधारित कायदा अफगाणिस्तानचं नाव घेतो खरा, पण तो तिथल्या मुस्लिमेतर अल्पसंख्याकांसाठी आणि २०१४ च्या अखेरपर्यंत आलेल्यांसाठी. आपला मित्र दोन्ही अटींत नापास. एक दिलासा मात्र आहे. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं, की जगण्याचा हक्क फक्त नागरिकांना नाही, इथल्या प्रत्येक माणसाला आहे.

मग अफगाण माणूस करतो काय? दिल्ली गाठतो. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं आपलं सरकार थेट बघतं. अफगाण आणि म्यानमारवाल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं दार ठोठवावं लागतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच संस्थेच्या वसंत विहारमधल्या ऑफिससमोर शेकडो अफगाण दिवसेंदिवस बसून होते. तेव्हा तिथे नोंदलेल्या अफगाणांचा आकडा साधारण १५ हजार होता. आधी नोंदणी, मग मुलाखत. तुला नेमकी कुणाची भीती? का? पुरावा काय? पटलं तर कार्ड. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, व्हिसाही नव्हे. 'हा माणूस निर्वासित आहे, असं आम्ही मानतो' इतकंच ते सांगतं. आणि तिथून पुढे कॅनडा-बिनाडाला पाठवतील म्हणावं, तर जगभरातल्या निर्वासितांपैकी एक टक्का लोकांनाही एका वर्षात तशी संधी मिळत नाही.

"मग इतकी वर्षं अर्ज का नाही केलास?" मी विचारलं.

त्यानं कॉफीचा कप बाजूला सारला. "दीदी, मी स्टुडंट होतो ना. व्हिसा होता. बीसीए झालं, एमसीए घेतलं. वाटलं, तोवर काहीतरी होईल."

झालं काहीच नाही. उलट त्याची धाकटी बहीण काबूलमध्ये तिसऱ्या वर्षाला होती, आणि २० डिसेंबर २०२२ ला तालिबाननं मुलींना विद्यापीठात यायची बंदी केली. ती आता घरी बसून त्याच्या जुन्या नोट्स वाचते. तो फोनवरून शिकवतो, नेट असेल तेव्हा.

आणि आता त्याचा पासपोर्ट संपत आलाय.

आपल्याला पासपोर्ट रिन्यू करायचा म्हणजे अपॉइंटमेंट घ्या, अर्धा दिवस सुट्टी टाका, झालं. याचं तसं नाही. दिल्लीतला अफगाण दूतावास चालवणाऱ्या, आधीच्या सरकारनं नेमलेल्या लोकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबाननं मुंबईच्या वकिलातीत आपला माणूस नेमला. गंमत बघा, तो माणूसही भारतात शिकलेलाच! ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि भारतानं काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा द्यायचं ठरवलं. देशांना व्यवहार बघावे लागतात, ते आपण समजू शकतो. पण या मुलाच्या बाजूनं बघा. व्हिसा वाढवायला चालू पासपोर्ट हवा. पासपोर्टसाठी ज्यांच्या भीतीनं वडील लपून बसलेत, त्यांच्याच माणसांच्या खिडकीसमोर रांग लावायची. घरचा पत्ता लिहून द्यायचा. आणि रांग लावलीच, तर उद्या निर्वासित म्हणून अर्ज करताना समोरचा विचारणार, "भीती वाटते म्हणता, मग त्यांच्याकडून पासपोर्ट कसा घेतलात?"

पासपोर्ट घेतला तर अर्ज कच्चा. नाही घेतला तर व्हिसा गेला. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच!

यावर आपल्यातल्या कुणालाही सुचेल असा उपाय म्हणजे नोकरी. ती मिळाली होती! चार राउंड इंटरव्ह्यू, टेक्निकल एकदम सही, मॅनेजर खूष. मग फाइल एचआरकडे गेली. परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला किमान सव्वासोळा लाख पगाराची अट. फ्रेशरला हे पॅकेज कोण देणार? एचआरची मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "सॉरी, आमच्या सिस्टीममध्ये तुझ्यासाठी कॅटेगरीच नाही."

जगानं अशा विद्यार्थ्यांसाठी कधी काही केलंच नाही, असं मात्र नाही. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानमेन चौकात रणगाडे आले, तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी अमेरिकेत शिकत होते. १९९२ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला आणि सुमारे ५४ हजार चिनी लोकांना ग्रीन कार्ड मिळालं. त्याच अमेरिकेनं जून २०२५ मध्ये अफगाणांच्या प्रवेशावर बंदी घातली. दरवाजे उघडतात, तसे बंदही होतात.

आणि एक आपल्या देशातली गोष्ट. १९७९ च्या डिसेंबरात सोविएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, तेव्हा एक अफगाण तरुण सिमल्यात शिकत होता. १९८३ मध्ये तो एमए झाला. त्याचं नाव हमीद करझाई. पुढे तो त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे कोपऱ्यात कॉफी ढवळणारा मुलगा उद्या कोण असेल, काही सांगता येत नाही. आणि कोणीच मोठा झाला नाही, तरी त्याला राहायला जागा लागतेच की!

अखेर त्यानं ठरवलंय. पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं नाही, दिल्लीला जाऊन अर्ज करायचा. वडिलांच्या नोकरीचे कागद फोनमध्ये होते, ते त्यानं प्रिंट काढून फाइलला लावलेत. एकच गोष्ट त्याला झोपू देत नाही. निर्वासित म्हणून नाव लागलं, की आईला भेटायला चार दिवससुद्धा जाता येणार नाही. गेला, तर 'भीती संपली' असा अर्थ निघू शकतो. "दीदी, तो फॉर्म म्हणजे मी इथे राहतो असं लिहून देणं नाही. मी तिथे जात नाही, हे लिहून देणं आहे."

यावर मला काही बोलता आलं नाही. बिल मात्र मी दिलं.

परवा काकूंकडे गेले होते. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला ठरावीक फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. काकूंनी तो न चुकता भरलाय. सोसायटीतले लोक म्हणतात, कशाला ही नसती ब्याद? काकू म्हणाल्या, "अगं, माझा मुलगा जर्मनीत आहे. त्यालाही कुणीतरी खोली दिलीच आहे ना?" मग हळूच विचारलं, "दिल्लीहून परत येईल ना गं तो? त्याची खोली मी कुणाला देत नाहीये."

आपण कायदे बदलू शकत नाही. पण आपल्यापैकी कुणी एचआरमध्ये आहे, कुणाचा फ्लॅट भाड्यानं द्यायचाय, कुणाच्या शेजारच्या डेस्कवर असाच एक शांत मुलगा बसतो. 'कॅटेगरी नाही' म्हणण्याआधी एकदा वकिलाला फोन करणं, भाडेकरू ठेवताना पासपोर्टसोबत माणूसही बघणं, एवढं तर जमेल?

आणि हो, पुढच्या वेळी कुणाला 'घरी कधी जाणार?' असं विचारलंत आणि उत्तर नाही आलं, तर लगेच सँडविच मागवू नका. थोडं थांबा.

भेटू पुढच्या आठवड्यात.