चोरी कागदाची, भुर्दंड कारागिराला

कोल्हापूर जिल्हा परिषदेच्या नावाचे बनावट धनादेश वापरून सुमारे ५७ कोटी रुपये उचलण्याचा उद्योग २०२५ साली उघडकीस आला, तेव्हा जिल्हाभर खळबळ उडाली. ती उडायलाच हवी होती. पैसा जनतेचा होता. परंतु त्याच जातीचा, आकाराने मात्र क्षुद्र असा गुन्हा सुभाषनगरातल्या एखाद्या चपला करणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला येतो तेव्हा खळबळ उडत नाही. वीस-तीस हजारांचा माल गेला, हातात आलेला धनादेश खोटा निघाला, पोलीस ठाण्यात अर्ज पडला, एवढ्यावर प्रकरण निजते. जिल्हा परिषदेला वकील असतात, लेखाधिकारी असतात. कारागिराजवळ मालाच्या पावतीची एक पुसट प्रत असते.

हा व्यवहार कसा घडतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण जबाबदारीचा प्रश्न व्यवहाराच्या तपशिलातच दडलेला आहे. परगावच्या दुकानदाराकडून पन्नास जोडांची मागणी येते. ओळख नसते, म्हणून माल ताब्यात देतानाच पैसे घ्यावेत, अशा बोलीवर पार्सल वाहतूक कंपनीच्या स्वाधीन होते. दारात पार्सल पोचल्यावर समोरचा गृहस्थ रोकड काढत नाही. एखाद्या नामांकित संस्थेच्या नावाचा, छापील, शिक्क्यानिशी धनादेश पुढे करतो. पार्सल आणणारा तो घेतो आणि माल देऊन निघतो. काही दिवसांनी कळते की खाते खरे आहे, पण कागद खोटा आहे आणि सहीही खोटी आहे. तोवर दुकानाला कुलूप असते आणि चपला तिसऱ्याच गावच्या बाजारात विकल्या जात असतात. अलीकडे धनादेशाच्या जागी मोबाइलवरचे पैसे भरल्याचे बनावट चित्रही दाखवले जाते. साधन बदलले, डाव तोच.

जुन्या व्यवस्थेत या डावाला जागा फार थोडी होती. टपाल खात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ पासून या देशात चालत आली. पुस्तके, औषधे, बी-बियाणे तिनेच खेडोपाडी पोचवली. तिचे सूत्र साधे होते: पोस्टमनच्या हातात रोकड पडल्याशिवाय पुडके सुटत नसे आणि धनादेशाचा प्रश्नच उद्भवत नसे. १८९८ च्या टपाल कायद्याने सरकारनेही आपली बाजू स्पष्ट सांगितली होती. घेणाऱ्याकडून रक्कम मिळेपर्यंत त्या रकमेची जबाबदारी सरकारवर नाही, मिळाल्यावर मात्र आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा गुजरातेत जात, तेथेही मालाची बिल्टी बँकेमार्फत पाठवून पैसे भरल्यावरच ती सोडवून घ्यायची, हा व्यापाऱ्यांच्या परिचयाचा मार्ग होता. माल आणि पैसा यांच्यामध्ये एक तिऱ्हाईत उभा असे, आणि त्या तिऱ्हाइताला आपले काम ठाऊक असे. आजचा तिऱ्हाईत रक्कम वसूल करून देण्याचे वेगळे शुल्क घेतो. पण वसुली फसली की हात वर करतो.

कायदा काय म्हणतो? धनादेश न वटल्यास तुरुंगवास, हे लोकांना माहीत झालेले कलम १३८ येथे निरुपयोगी आहे. परक्राम्य दस्तऐवजांच्या १८८१ च्या कायद्यात ते १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले, पण ते स्वतःच्या खात्याचा धनादेश देऊन खात्यात पैसे न ठेवणाऱ्यासाठी. बनावट धनादेशावर ज्याचे नाव छापलेले असते, त्याने तो दिलेलाच नसतो. उरतो तो फसवणुकीचा आणि बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा. चोर सापडला तर शिक्षा होईल. चोर सापडेपर्यंत नुकसान कोणाच्या खात्यावर लिहायचे, याचे उत्तर फौजदारी कायदा देत नाही.

ज्याच्या नावाचा धनादेश वापरला गेला, त्या खातेदाराचे संरक्षण पक्के आहे. खोटी सही म्हणजे बँकेला आदेशच नाही. तशा सहीवर बँकेने पैसे दिले तर ते खातेदाराच्या नावे टाकता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात दिला. निर्णय न्याय्य आहे. परंतु त्यानंतर बँक ते नुकसान मुकाट्याने सोसत बसत नाही. चुकीने दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्यात आहे. तो पुढे करून ज्याच्या खात्यात रक्कम जमा झाली त्याच्याकडे ती बोट दाखवते. शिवाय तपास सुरू झाला की ते खातेच गोठवले जाऊ शकते. ज्याने माल गमावला त्याचेच खाते बंद! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

वाहतूकदाराचे काय? मूळ मालकाने ‘रोख घ्या’ असे सांगितले असताना प्रतिनिधीने कागद घेतला, तर प्रतिनिधीने नुकसान भरून द्यावे, हे १८७२ च्या त्याच करार कायद्याचे सरळ तत्त्व आहे. पण कंपनीच्या पावतीच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत अटींची रांग असते, आणि ती सही करणाऱ्या कारागिराने वाचलेली नसते. वाचली तरी समजलेली नसते. रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा कायदा कुरियर कंपन्यांनाही लागू आहे. मात्र त्याखालच्या नियमांनी माल गहाळ वा खराब झाल्यास भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहा पटींवर आणून ठेवली आहे. त्यापलीकडे संरक्षण हवे तर जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरायचा. तीनशे रुपये भाडे दिलेल्याच्या पदरात तीन हजार पडणार; माल तीस हजारांचा. खोटा धनादेश घेऊन माल देऊन टाकणे म्हणजे माल गहाळ होणे नव्हे. तो सोपवलेल्या कामात केलेला कसूर आहे, आणि त्याला दहा पटींची ढाल मिळता कामा नये. कंपन्या ही ढाल दोन्हीकडे वापरतात, तेव्हा त्यांना हा फरक विचारला पाहिजे.

कारागीर सर्वस्वी निर्दोष असतो, असेही नाही. मागणी हातची जाऊ नये म्हणून फोनवर ‘चेक चालेल’ असे सांगून बसणारे पुष्कळ आहेत. तसे सांगितल्यावर वाहतूकदाराला दोष देता येत नाही; तो धोका विक्रेत्याने स्वतः पत्करलेला असतो. दोन ट्रकांचा मालक आणि देशभर गोदामे असलेली कंपनी यांनाही एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. पण ज्याने वसुलीचे शुल्क घेतले आणि माल सोडण्याचा अंतिम निर्णय ज्याच्या हातात होता, त्याने लेखी सूचना मोडली असेल तर पूर्ण किंमत त्याच्याच नावे लिहिली गेली पाहिजे. दूर बसलेल्या विक्रेत्याला दारातला माणूस दिसत नाही, वाहतूकदाराला दिसतो.

वाहतूकदार म्हणजे मात्र कंपनी; सायकलवर वा मोटारसायकलवर पार्सल घेऊन जाणारा पोरगा नव्हे. या प्रश्नाची सर्वांत काळी बाजू येथे आहे. नुकसान कंपनीवर आले की ती ते खाली सरकवते, आणि संध्याकाळच्या हिशेबात तूट त्या पोराच्या कमाईतून वळती होते. बनावट धनादेश ओळखायला बँकेच्या कारकुनालाही यंत्र लागते. दहावी झालेल्या मुलाने तो उंबऱ्यावर उभ्याउभ्या ओळखावा, ही अपेक्षा करणारा स्वतः कधी उंबऱ्यावर उभा राहिलेला नसतो. कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी वेतन कापता येत नाही, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. परंतु हा पोरगा ‘कामगार’ नाही, ‘भागीदार’ आहे, असे कंपनीचे कागद सांगतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ कामगारांना नाव दिले आणि योजनांचे आश्वासन दिले. वेतन कपातीपासूनचे संरक्षण दिले नाही. भागीदार म्हणायचे, आणि वाटणी करायची ती फक्त तोट्याची!

बँकांनाही सुटका नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार व त्यावरील धनादेशांसाठी खातेदाराने तपशील आधी कळवून ठेवण्याची व्यवस्था आणली. चांगली व्यवस्था आहे. पण कारागिराचा व्यवहार बहुधा त्या रेषेच्या खाली असतो, आणि ठगांनाही ती रेषा ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेच्याच ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला, आणि त्रयस्थाच्या लबाडीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास खातेदाराची जबाबदारी शून्य ठरवली. यंत्रावरच्या चोरीत बळवंताने पुरावा द्यायचा, तर कागदावरच्या चोरीत दुबळ्याने का द्यावा? प्रामाणिकपणे धनादेश भरणाऱ्याचे संपूर्ण खाते न गोठवता वादातली रक्कमच अडवावी, एवढे तरी तातडीने करता येण्यासारखे आहे.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका दिमाखदार प्रदर्शनात प्राडाच्या नावाने कोल्हापुरी वळणाच्या चपला झळकल्या आणि सारा महाराष्ट्र संतापला. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. त्याची आठवण सर्वांना झाली. संताप खोटा नव्हता. तरी नाव चोरणाऱ्यावर जेवढी शाई खर्च झाली तिचा शतांशही, ज्याने जोड शिवले त्याचे पैसे दारातून परत आले का, या प्रश्नावर झालेली नाही.

कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी येथील कार्यकर्त्यांपुढे काम उघड आहे. वाहतूक कंपन्यांच्या पावत्या गोळा कराव्यात, त्यांच्या पाठीवरच्या अटी मराठीत उतरवून कारागिरांच्या वस्तीत वाचून दाखवाव्यात, आणि ‘फक्त रोख अथवा खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावरच माल द्यावा’ हे वाक्य प्रत्येक पावतीच्या दर्शनी बाजूवर लिहून घ्यावे. कारागिरांनी एकेकटे न जाता संस्थेमार्फत माल पाठवला, तर भाड्याबरोबर अटींवरही बोलता येईल. आणि पार्सल वाटणाऱ्या मुलांना त्यांच्या गोदामाच्या दारातच गाठून विचारावे, की गेल्या महिन्यात कोणाच्या कमाईतून किती कापले गेले आणि कापण्यापूर्वी त्यांना कोणी काही विचारले होते काय.