काकू, ट्राउट आणि आम्ही

आमचा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो नावाच्या डोंगराळ प्रांतात असतो. परवा त्याने फोनवर एक चित्रफीत पाठवली. पाठीवर बोजा, हातात लवलवती काठी आणि स्वारी चार तास डोंगर चढून एका तळ्याकाठी उभी. काठीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी. (खऱ्या माश्या फुकट मिळत असताना खोटी विकत घेणे, हे श्रीमंत देशाचे लक्षण.) तासाभराने वीतभर मासा लागला. भाच्याने तो ओल्या हाताने अलगद उचलला, फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिला!

"सोडला?" आमची ही किंचाळली. "मग गेला होता कशाला?"

मला मात्र नवल वाटले नाही. माणसाला आशा दाखवून काठापर्यंत ओढायचे, सगळीकडून न्याहाळायचे आणि होता तसा परत पाठवायचे, हे कर्जाच्या खिडकीवर मी वीस वर्षे बघतो आहे.

पण भाच्याचे एक वाक्य मनात रुतले. "मामा, हा मासा इथला मूळचा आहे." हिरव्या पाठीच्या या ट्राउटचे पाणी खाणींनी नासवले आणि बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी त्याला हुसकावले. 1937च्या सुमारास तो संपला असेच लोक धरून चालले होते. पुढे काही ओहोळांत थोडे सापडले, ते जपले, आणि 1994 साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. आधी घालवायचा आणि मग शोधत डोंगर चढायचे! पण निदान शोधतात तरी.

ही गोष्ट मी जेवणाच्या सुट्टीत सांगितली आणि पस्तावलो. एक वरिष्ठ डबा बाजूला सारून म्हणाले, "ग्रेट! आपल्या चिखलदऱ्याच्या तळ्यात ट्राउट सोडले पाहिजेत. टुरिझम वाढेल. काश्मीरला आहेत, आपल्याकडे का नकोत?"

आमचा शिपाई अकोल्याचा. तो म्हणाला, "सोडा न साहेब. पण मे महिन्यात त्यायले कुलर कोन लावून देईन?"

या एका वाक्यात सगळे मत्स्यशास्त्र आले. ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी विशीच्या वर तापले की तो कासावीस होतो. चिखलदरा अकराशे मीटरवर असेल, पण उन्हाळा वऱ्हाडचाच. हा मासा अकोल्याला उतरेपर्यंत शिजूनच येईल, फक्त मीठ-तिखट लावायचे बाकी.

आणि काश्मीरचे म्हणाल, तर तो तिथलाही नव्हे! साहेबलोकांना गळ टाकायला घरचा मासा हवा होता, म्हणून 1900 साली विलायतेहून त्याची अंडी काश्मिरात आणली. मागोमाग निलगिरीत दुसरी जात आणली. आपल्याला बाहेरून आलेले सगळे भारी वाटते. 1952 साली टिलापिया आणला. तो इतका फोफावला की पाहुणाच घरमालक झाला. आफ्रिकन मागूर पाळायला 2000 साली बंदी घालावी लागली. आपण ताटात कौतुकाने वाढून घेतो ते रोहू-कटलासुद्धा मूळचे गंगेकडचे.

मग आपला कोण? आपला महाशीर! 1839 साली साईक्स नावाच्या साहेबाने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीराची शास्त्रात नोंद केली. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतर त्याची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली. आपल्या मेळघाटातल्या सिपना, गडगा, डोलार या नद्या जातात तापीला, आणि तापीचे खोरे हे महाशीराचे माहेर. गाविलगडाला तर मच्छी दरवाजाच आहे! वेलस्लीच्या फौजेने 1803 साली गड घेतला, हे आम्ही पाठ केले. दरवाजाला माशाचे नाव का, हे मात्र कोणी विचारले नाही.

शेवटी एका शनिवारी एसटीने परतवाडा गाठून वर गेलो. गड पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सेमाडोहला सिपनेच्या काठी उतरलो. गळ नेला नव्हता. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, आणि आमच्या गळाला आजवर मुदत ठेवसुद्धा लागलेली नाही. तिथे एक कोरकू म्हातारा भेटला. कोरकू भाषेत माशाला 'काकू' म्हणतात, हे त्यानेच सांगितले. मी हसलो. तो हसला नाही. हात कोपरापर्यंत दाखवून म्हणाला, "पहिले एवढे एवढे असत. आता उन्हाळ्यात डोहात कोनी ब्लिचिंग पावडर टाकते. लहान-मोठं सारंच मरते. ढोरायले पानी पाजाची सोय राहत नाही."

मला एकदम घाम फुटला. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मंडळींची एक सहल याच बाजूला आली होती. वाटेत एकाकडून टोपलीभर मासे मातीमोल भावात मिळाले. आम्ही बोटे चाटत खाल्ले. इतके स्वस्त कसे, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही. आणि आम्ही सगळे हिशेबाची माणसे, बी. कॉम. झालेली!

म्हणून माझे सांगणे एवढेच. ट्राउट आणू नका. तळ्यात बोटी, काठावर भजी आणि पाण्यात परदेशी पाहुणे, याला पर्यटन म्हणू नका. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये, हे आमचा शिपाईही सांगेल. डोहात विष टाकणारा मुद्दलच जाळतो. आणि भाव स्वस्त म्हणून न विचारता घेणारा त्याला जामीन राहतो. जामीन राहिलेल्याचे काय होते, ते आमच्या शाखेत येऊन बघा. चार तास चालायचे तर अवश्य चाला, पण डोहाकाठी बसून नुसते बघायला. सोडूनच द्यायचा असेल, तर मासा न पकडताही सोडता येतो.

घरी आलो तर हिने विचारले, "कुठे होता दोन दिवस?"

"काकूंना भेटायला गेलो होतो."

"कोणत्या काकू?"

"सिपनेकाठच्या."

"मग खाऊन आलात का काही त्यांच्याकडे?"

"नाही," मी म्हटले. "मागचंच अजून फेडायचं आहे."