कारध्याची पाणीपातळी आणि अडकलेली पॅकेट्स

मंडळी, या वीकांताला जरा तांत्रिक रडगाणं. :-)

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दोन आठवडे कारध्याला घरून काम करत होतो. मोबाइलचा हॉटस्पॉट, त्यावर कंपनीचं व्हीपीएन. लॉगिन होतंय, चॅट चालतंय, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की सगळं ठप्प! आई विचारते, "काऊन रे, नेट तं सुरू आहे ना?" मॅनेजरचं निदान तयारच होतं: "गावचं नेट आहे ते. सोमवारी पुण्याला ये."

गावच्या नेटचा काहीएक दोष नव्हता हो!

व्हीपीएन म्हणजे टनेल. आपलं अख्खं पॅकेट, पत्त्यासकट, दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवायचं. आणि मोबाइलवर हा प्रकार आधीच चालू असतो. ४जीमध्ये टॉवरपासून मोबाइल कंपनीच्या कोअर नेटवर्कपर्यंत तुमचा सगळा डेटा जीटीपी नावाच्या टनेलमधूनच जातो. म्हणजे टनेलमध्ये टनेल! आता प्रत्येक वेष्टनाला जागा लागते. इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट. त्यात जीटीपीचं वेष्टन किमान ३६ बाइट (आयपी २०, यूडीपी ८, जीटीपी ८), व्हीपीएनचं आणखी वेगळं. छोटं पॅकेट निघून जातं, काठोकाठ भरलेलं मावत नाही.

यावरचा तोडगा १९९० सालचा आहे, आरएफसी ११९१. पॅकेट मावलं नाही तर राउटर ते टाकून देतो, पण पाठवणाऱ्याला आयसीएमपीने उलटा निरोप धाडतो: बाबा रे, एवढं मोठं नको, इतक्याच बाइटचं पाठव. आमच्याकडे 'सिक्युरिटी' म्हणून आयसीएमपी सरसकट बंद. निरोपच पोचत नाही, मग सर्व्हर बिचारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

कारध्याच्या माणसाला यातला वेडेपणा चटकन कळेल. पावसाळ्यात अख्खा भंडारा विचारतो, कारध्याला वैनगंगेची पातळी किती? ऑगस्ट २०२०च्या महापुरातही तेच. त्या आकड्याने पूर थांबत नाही, पण सामान कधी हलवायचं ते कळतं. मोजपट्टी उपटून टाकणं म्हणजे सुरक्षा नव्हे.

माझं म्हणणं इतकंच. पिंग बंद करायचं तर खुशाल करा, पण 'पॅकेट मोठं आहे' हा निरोप अडवू नका. आयपीव्ही६मध्ये तर वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, तिथे या निरोपावाचून फारच अडतं. टनेल बांधणाऱ्यानेच त्याची मर्यादा नीट ठरवायला हवी.

मी व्हीपीएनचा एमटीयू १३०० केला आणि फाइल सरसर उतरली. पुण्याची फेरी वाचली, आईचे थेंब वेळेवर पडले. पण ज्याला एमटीयू माहीत नाही, त्याने काय करायचं? तो गावाला शिव्या देत बॅग भरणार.

तेव्हा नेटवर्कवाल्यांनो, पुढच्या वेळी 'गावचं नेट' म्हणण्याआधी आपली फायरवॉल तपासा. असो, भेटू पुढच्या वीकांताला.