जुन्या सायकलीवर आधी खर्च कशाचा?

माळ्यावरची जुनी रेसर सायकल पुन्हा उभी करायची आहे, पण पैसे मोजकेच आहेत. मग आधी काय घ्याल? बहुतेकांचे डोळे चकचकीत गिअरकडे जातात. माझे मत वेगळे आहे : आधी ब्रेक आणि रिम!

हिशेब करून पाहा. स्वार व सायकल मिळून 80 किलोग्रॅम, वेग सेकंदाला 5 मीटर. गतिज ऊर्जा 1000 ज्यूल. वेग दुप्पट केला, की तीच 4000 ज्यूल होते! थांबताना ही ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या रबराने व रिमने घर्षणातून उष्णतेत बदलायची असते. क्रोम चढवलेली पोलादी रिम पावसात भिजली, की घर्षण फारच घटते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेकही पुष्कळ बरा लागतो. शिवाय ती हलकी.

मात्र माप पाहा. जुन्या 27 इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास 630 मिलिमीटर, आजच्या 700-सी रिमचा 622. म्हणजे ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर आसाकडे सरकायला हवे. सरकते का, हे पट्टी लावून तपासा आणि मगच पैसे मोजा.

गिअर पुढच्या वर्षी घेता येतील. वळणावरची म्हैस मात्र तोवर वाट पाहणार नाही!