केळे नाही, लवंगही नाही

दिवाळी अंकात फराळाची चव सांगायची सोडून मास्तर यंदा बिअरची चव सांगू लागले, म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. गोष्ट तशी गव्हाचीच आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत धाकट्या भावाकडे म्युनिकला गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने मला जवळच्या गावातल्या एका लहानशा ब्रुअरीत नेले. ‘दादा, एकदा चव तर घे,’ म्हणाला. समोर उंच पेला आला. रंग तपकिरी, गढूळ. वर चार बोटे फेस. नाव वाइत्सेनबॉक, म्हणजे गव्हाची कडक बिअर. साध्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा पाचच्या आसपास असतो, हिच्यात सात-आठ.

पेला नाकाशी नेला आणि चमकलोच. पिकल्या केळ्याचा वास! त्यामागून लवंगेचा. घोट घेतला तो खरपूस पावाच्या कडेसारखा. किंचित गोड, कडूपणा नावाला. घशाखाली उतरल्यावर छातीत सावकाश ऊब पसरली.

‘यात शिकरण घातलंय की काय?’ मी विचारले.

भाऊ हसला. ‘केळं नाही, लवंगही नाही. हा सगळा यीस्टचा प्रताप.’

मग त्याने हकिगत सांगितली. १५१६ साली बव्हेरियात फर्मान निघाले, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालावे. गव्हाला मज्जाव. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क राजघराण्याने स्वतःकडे राखला. १८७२ साली गेओर्ग श्नायडर यांनी तो मिळवला, आणि त्यांच्याच घराण्याच्या ब्रुअरीने १९०७ साली ‘अव्हेंटिनुस’ ही कडक गव्हाची बिअर काढली.

गंमत अशी, की त्या जुन्या फर्मानात यीस्टचे नावच नाही! केळ्या-लवंगेचा दरवळ ज्याच्यामुळे, तोच यादीबाहेर.

मी पेला खाली ठेवला. आमच्या घरातही एक नाव असेच यादीबाहेर होते. आमचे काका दारूपायी गेले. वडिलांनी त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि नाव काढायची बंदी केली. पण घर चालले ते त्या न काढलेल्या नावाच्याच धाकाने. आम्हाला घरी यायला जरा उशीर झाला, की वडील दारात उभे आणि आई देवापाशी.

‘काका गाणं छान म्हणायचे, नाही रे दादा?’ भाऊ एकदम म्हणाला.

वडील जाऊन चार वर्षे झाली, तरी आम्ही दोघे काकांविषयी एक शब्द बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी तासभर बोललो. गाण्याविषयी बोललो, तसेच त्या शेवटच्या वर्षाविषयीही. गहाण पडलेल्या काकूच्या पाटल्यांविषयीही. काही झाकले नाही, काही माफ केले असेही नाही. माझा अर्धा पेला तसाच राहिला. भावाने आग्रह केला नाही आणि स्वतःही दुसरा मागवला नाही.

परत आल्यावर माळ्यावरून काकांचा फोटो काढला. सौभाग्यवतींनी काही न विचारता काच पुसून दिली.

यंदा भाऊबीजेला आत्या आमच्याकडे येणार आहे. तिला भाऊ दोन होते. दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून ठेवले आहेत.