वस्तू सुट्या कराव्यात, प्रकाश मात्र एकच असावा

चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथील दक्षिणचित्र संग्रहालयात चेट्टिनाडमधील घर उभे आहे. आत्तंगुडीच्या हाताने घडवलेल्या नक्षीदार फरश्या ही त्या प्रदेशातील घरांची ओळख. असे दालन कृत्रिम बुद्धिमत्तेकडून रेखाटून घेतले, तर खांब, भिंती आणि उजेड बहुधा पटण्याजोगे उतरतात. फरशीवरील नक्षी मात्र दूर जाता जाता विरघळते.

याचे कारण जागेच्या टंचाईत आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चित्र ६४ बाय ६४ घरांच्या संक्षिप्त जाळीत घडते. मूळच्या ६४ पिक्सेलांच्या वाट्याला एकच घर येते. दूरची फरशी २४ पिक्सेल रुंद असेल, तर तिच्या साऱ्या वेलबुट्टीला आडवी अवघी तीन घरे मिळतात. एवढ्यात नक्षी मावणार कशी?

म्हणूनच फरशी, खिडकी, आसन, पडदा असे घटक वेगळे करून, प्रत्येकाला मोठे करून, स्वतंत्रपणे रेखाटावे आणि पुन्हा जागी बसवावे, ही पद्धत योग्य ठरते. २०२३ मध्ये मेटाने प्रसिद्ध केलेल्या ‘सेगमेंट एनीथिंग’ प्रारूपामुळे चित्रातील वस्तू अचूक कातरणे सोपे झाले. आसनाचा रंग बदलताना खिडकीही बदलून जाण्याचा त्रासही त्यामुळे टळतो.

परंतु कातरकाम म्हणजे दालन नव्हे. सुट्या प्रतिमा एकमेकींवर बसवण्याचे गणित पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मध्ये मांडले. दोनच वर्षांनी जेम्स काजिया यांच्या समीकरणाने दाखवले, की कोणत्याही बिंदूवरून डोळ्याकडे येणारा प्रकाश इतर पृष्ठभागांवरून तेथे पोहोचलेल्या प्रकाशावरही अवलंबून असतो. तांबड्या फरशीची झाक पांढऱ्या भिंतीवर पडते. आसनाच्या पायाशी सावली दाटते. घटक वेगळे रेखाटले की नेमके हेच नाते तुटते आणि वस्तू तरंगल्यासारख्या दिसतात. त्यामुळे सर्व घटकांना खोलीचा एकच नकाशा आणि प्रकाशाची एकच दिशा द्यावी, शेवटी संपूर्ण चित्रावरून एक हलका हात फिरवावा, हे अपरिहार्य आहे.

मराठी राजांच्या आश्रयाखाली बहरलेल्या तंजावर चित्रशैलीत खडे, उठावाचे लेपन, सोन्याचा वर्ख आणि रंग हे टप्पे वेगवेगळे असतात. त्या सर्वांना बांधून ठेवते ती मात्र आरंभीची एकच रेखा.

खरा प्रश्न सौंदर्याचा नाही, विश्वासाचा आहे. चेन्नईतील एखादे कुटुंब असे चित्र पाहून आयुष्यभराची बचत घरात गुंतवते. अस्पष्ट चित्र निदान सावध तरी करते. कल्पित फरशीचे सुस्पष्ट चित्र निःशंक करते. घटक सुटे करण्याचे मोठे मोल येथेच आहे. ही फरशी प्रत्यक्ष छायाचित्रावरून घेतली, ही खिडकी मोजमापानुसार आहे, हा पडदा केवळ कल्पिलेला आहे, असे प्रत्येक घटकाबाबत सांगता येते. एकसंध चित्रात ही नोंद जवळजवळ अशक्य असते. ती ग्राहकाच्या हाती न देता केवळ चित्र अधिक देखणे करणे, ही प्रगती अर्धीच म्हणावी लागेल.